खुणांचा कागद

खोलीतला दिवा लावायला मी हात वर केला, एवढंच झालं. बटण आईच्या खुर्चीच्या बरोबर वर, भिंतीवर आहे. आम्ही या घरात आलो तेव्हापासून तिथेच आहे. मी कामावरून नुकतीच आले होते, पर्स खांद्यावरच होती, खोलीत अंधारून आलं होतं. मी हात वर केला आणि आईने दोन्ही हात डोक्यावर घेतले. कोपरं पुढे, मान खाली, डोळे गच्च मिटलेले, आणि तोंडातून एक बारीकसा आवाज. मी बटण दाबलं. उजेड पडला तरी ती तशीच बसून होती. मग एक डोळा किलकिला करून तिने माझ्याकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतले. मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही, झुरळ होतं. आमच्या घरात झुरळं नाहीत. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि नुसतीच उभी राहिले. पाणी वाहत होतं. घरात आम्ही दोघीच राहतो. दोघींपैकी एक मार चुकवत असेल, तर मारणारी कोण हे शोधायला काही पोलीस लागत नाहीत.

मारते, असं मी तोवर कधी म्हटलं नव्हतं, मनातल्या मनातसुद्धा. माझ्याकडे दुसरे शब्द होते. मी तिला धरते. बसवते. आवरते. गोळी तोंडात घालते. हे सगळे घरगुती, कामाचे शब्द, त्यांच्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही. आई सकाळी चांगली असते. तेव्हा तिला माझं नाव आठवतं, वेणी घालताना ती मान बरोबर सरळ धरते, कधी मला नोकरीत त्रास देणाऱ्या सुपरवायझरची चौकशीही करते, तो माणूस निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी. पण दिवस कलला की ती घर शोधायला लागते. घरात बसून म्हणते, मला घरी सोड. ओला झालेला गाऊन बदलू देत नाही, गोळी जिभेखाली धरून ठेवते आणि मी वळले की उशीवर थुंकते. आठ तास उभं राहून मी आलेली असते. माझ्याही आत काहीतरी कलायला लागतं. मला ते कळतं, कानशिलं गरम होतात, आणि मग माझा हात माझ्या आधी पोचलेला असतो. गंमत अशी, की लहानपणी आईने मला कधी बोटही लावलं नाही. तिला राग आला की ती गॅलरीत जायची आणि दोरीवरचे अर्धे ओले कपडे काढून घड्या घालत बसायची. घड्या ओल्या निघाल्या की आम्ही भावंडं ओळखायचो, आज गप्प राहायचं. माझ्याकडेही गॅलरी आहे. दोरीसुद्धा आहे. मी एकदाही तिकडे गेले नाही.

दोन महिन्यांपूर्वी दादाने फोनवर आईचा चेहरा बघायचा हट्ट धरला. दादा माझा मोठा भाऊ, दुसऱ्या देशात असतो, आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतो. आईने त्याला हात हलवून दाखवला आणि गाऊनची बाही मागे सरकली. मनगटावर हिरवंनिळं कडं होतं. दादाने ते पाहिलं. मग हळू आवाजात, आईला ऐकू जाऊ नये म्हणून, त्याने मला विचारलं, ती बाई मारते का गं आईला? ती बाई म्हणजे मावशी, आईला सांभाळायला येणाऱ्या. तीन वर्षं त्या सकाळी नऊला यायच्या, मी आल्यावर जायच्या, आईशी खोटं खोटं भांडायच्या आणि तिच्याकडून जेवण संपवून घ्यायच्या. मी म्हणायला हवं होतं, नाही. एक शब्द. मी म्हटलं, काय माहीत. हेही धड खोटं नव्हतं, हाच त्यातला नीचपणा. दादा म्हणाला, उद्याच्या उद्या काढून टाक तिला. दुसऱ्या दिवशी मी मावशींना सांगितलं, आता मीच रजा घेणार आहे. त्यांनी कारण विचारलं नाही. आईच्या मनगटाला रोज तेल त्याच लावत होत्या. तिथे काय आहे हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. चप्पल घालताना त्या एवढंच म्हणाल्या, संध्याकाळी तिला आधी खायला देत जा, मग बाकीचं. मी मान डोलावली. त्या गेल्या आणि मला हलकं वाटलं. इतकं हलकं, की तेवढ्यानेच घाबरायला हवं होतं.

रजा संपली. मग शेजारच्या काकू सकाळी तासभर बसायच्या आणि बाकीचा दिवस आई बाहेरून लावलेल्या कुलपाच्या आत. दिव्याच्या त्या संध्याकाळनंतर मी दादाला फोन करून सांगितलं, आपण आईसाठी वृद्धांचं होम बघू या. त्याला वाटलं, मी थकले. त्याने दुसऱ्याच दिवशी एक यादी पाठवली, एकतीस प्रश्नांची. वर ठळक अक्षरांत: इमारत बघू नकोस, माणसं बघ. कर्मचारी किती जुने आहेत? दारावर टकटक करून आत जातात का? म्हाताऱ्या माणसाशी बोलतात की त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी? त्याने एखाद्या गोष्टीला नकार दिला तर काय करतात? सतरावा प्रश्न होता: कर्मचाऱ्यांपैकी कुणी आवाज चढवताना, ओढताना, घाई करताना दिसलं का? दिसलं असल्यास तिथून लगेच निघ. मी यादी जेवणाच्या सुट्टीत वाचली आणि डबा तसाच झाकून ठेवला. निघायचं कुठे?

तरी तपासणं हे माझं कामच आहे. मी तयार कपड्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलापाशी उभी असते. माझ्यासमोर शर्ट येतो, मी तो उलटा करते, कारण सुलटी बाजू सगळ्यांचीच चांगली असते. शिवण, काज, बगलेतला जोड. जिथे खोट असेल तिथे एक लाल बाणाचं स्टिकर. एका शर्टाला पाऊण मिनिट, अशी सव्वीस वर्षं. माझ्या हातून सुटलेला शर्ट परत आलाय असं क्वचितच होतं. मुली म्हणतात, हिच्या नजरेतून देवही सुटायचा नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पहिलं होम फार सुंदर होतं. लिंबाच्या रंगाचे पडदे, खाली मासे पोहत असलेली काचेची पेटी, आणि एक मॅनेजर, ज्याचं हसू मी निघेपर्यंत उतरलं नाही. मी दादाची यादी पर्समध्येच ठेवली आणि उलटी बाजू शोधायला लागले. ती शोधायला फार वेळ लागला नाही. एका मुलीला विचारलं, किती दिवस झाले इथे? तिच्याऐवजी मॅनेजरच म्हणाला, आमचा स्टाफ कुटुंबासारखा आहे. मुलगी म्हणाली, तीन आठवडे. दुसरी म्हणाली, आजच आले. पलंगाशेजारची घंटेची दोरी गाठ मारून इतकी वर बांधली होती, की झोपलेल्या माणसाचा हात तिथे जन्मात पोचला नसता. जेवणघरात एक आजोबा सूप पीत होते, म्हणजे त्यांना पाजलं जात होतं. भरवणारी मुलगी मागे वळून कुणाशी तरी सुट्टीबद्दल बोलत होती, आणि आजोबा चमचा येण्याआधीच तोंड उघडून बसत होते. ओठावरचं सूप ती चमच्याच्याच कडेने खरवडून परत तोंडात घालत होती. ते तोंड तसं उघडायला त्यांना कुणीतरी शिकवलं असणार. मी मनात बाण चिकटवत गेले. सहा झाले तेव्हा थांबले. बाहेर पडताना मॅनेजर म्हणाला, तुम्ही फक्त आणा मॅडम, पुढचं आमच्यावर सोडा, आम्ही काही विचारत नाही. तेव्हा मला ते नुसतं तोंडपाठ वाक्य वाटलं होतं.

दुसरं होम एका जुन्या शाळेच्या इमारतीत होतं. फिनेलचा वास, आणि त्याखाली जरासा तो दुसरा वास, जो माझ्या घरातही आहे. दाराशीच एक रुंद, सावकाश बाई बसली होती, पन्नाशीची, हातावरचं घड्याळ उलटं बांधलेली. तिथल्या आज्या तिला हवालदार म्हणत होत्या आणि ती त्या नावाला ओ देत होती. मॅनेजर वगैरे कुणी भेटलं नाही. हीच मला फिरवत होती आणि फिरवता फिरवता कामं करत होती. एका खोलीच्या दारावर तिने टकटक केली, थांबली, मग आत गेली. आतल्या आजींना अजिबात ऐकू येत नाही, असं तिनेच मला सांगितलं. मी विचारलं, मग टकटक कशाला? ती म्हणाली, "मला ऐकू येतं ना." मी उसवलेली शिवण शोधत होते आणि मला ती सापडत नव्हती. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. मी तर चार-पाच शितं दाबून बघितली. दोघी मुली सात वर्षांपासून होत्या. एकीने कपाटातून दोन गाऊन काढून आजींसमोर धरले आणि त्यांनी बोट दाखवेपर्यंत ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिथे मला आनंद व्हायला हवा होता. मला घाम फुटत होता. आपल्याला इतकं नीट काम बघून भीती का वाटावी, हे मला तेव्हा कळेना.

यादीतला नकाराचा प्रश्न मी विचारला. हवालदार चादरीचा कोपरा गादीखाली खोचत होती. ती म्हणाली, नाही म्हटलं तर नाही. बाहेर यायचं, दार ओढून घ्यायचं, दहा मिनिटांनी परत जायचं. आणि राग आला तर? हा प्रश्न यादीत नव्हता, माझ्या तोंडून गेला. तेव्हा तिने कोपरा सोडला. राग येतोच, ती म्हणाली, येत नाही म्हणणारीला मी कामावर घेत नाही. इथे रीत अशी होती, की जिला राग आला तिने दारातून फक्त 'पाणी' म्हणायचं. ऐकणारीने हातातलं काम टाकून तिच्या जागी जायचं. का, ते विचारायचं नाही, नंतरही नाही. एखाद्या दिवशी सहा-सहा वेळा 'पाणी' ऐकू येतं. "आणि तुम्ही?" तिने विचारलं. "आजी नको म्हणाल्या, की तुम्ही काय करता?" तिने हे सहज विचारलं, चादर सरळ करता करता. मी म्हटलं, समजावते. ती म्हणाली, बरं. त्या 'बरं'मध्ये काही नव्हतं, मी चाचपून पाहिलं. पण चोराच्या मनात चांदणं, मी ते 'बरं' घरापर्यंत ऐकत आले.

निघण्यापूर्वी तिने एक कागद दाखवला होता. त्यावर माणसाची आकृती छापलेली, एक समोरून, एक पाठीमागून. चेहरा नाही, नुसती कड. पहिल्या दिवशी आजींना आंघोळ इथल्या बायका घालणार, घरचं माणूस समोर उभं राहणार, आणि अंगावर जे जे असेल, डाग, जखम, वळ, ते सगळं या आकृतीवर फुल्या मारून नोंदवायचं. प्रत्येक फुलीपुढे लिहायचं, कशाने झालं. ती म्हणाली, नंतर कुणी आमच्यावर आळ घ्यायला नको, आणि घरच्यांवरही. मी त्या बिनचेहऱ्याच्या बाईकडे पाहत राहिले. ती मला ओळखीची वाटली. हेच तर मी करते, फक्त माझ्याकडे शर्ट असतात.

त्या दिवशी आईच्या अंगावर एकही खूण नव्हती, आणि मी मनाशी ठरवलं होतं, आता राहणारही नाही. सोमवारी नेऊ, चार दिवस कसेही काढू. तीन संध्याकाळी मी आधी खायला दिलं, मग बाकीचं. मावशींचं म्हणणं खरं होतं. चौथ्या संध्याकाळी तिने भरलेली बशी सरकवून दिली, तिचा गाऊन ओला होता, खुर्ची ओली होती, आणि ती दाराची कडी दोन्ही हातांनी हलवत होती. मला घरी जायचंय, माझी मुलगी वाट बघत असेल. मी म्हटलं, अगं मीच तुझी मुलगी. ती म्हणाली, तुम्ही नाही. कानशिलं तापली. मला हवालदारची रीत आठवली आणि मी खरंच मोठ्याने म्हटलं, पाणी. घरात कुणी नव्हतं. आई वळून म्हणाली, मग प्या ना. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. तिचा दंड माझ्या मुठीत, किती बारीक झालाय तो, बोटं एकमेकांना भेटतात. तिला मी खेचत खोलीत आणलेलं. पलंगाच्या कडेला तिचं आपटणं. आणि मग ती एकदम इतकी शांत, इतकी आज्ञाधारक झाली, मी सांगेन तसा हात वर, मी सांगेन तसा पाय पुढे, की मला त्या सूप पिणाऱ्या आजोबांची आठवण झाली. ते तोंड उघडायला कुणी शिकवलं, हे मी किती सहज ओळखलं होतं.

सकाळी दंडावर चार निळ्या बोटांचे ठसे होते, आतल्या बाजूला अंगठा. इतके स्पष्ट, की त्यावरून हात ओळखता यावा. आई प्रसन्न होती, गुणगुणत होती. मी तिच्यामागे उभी राहून वेणी घालत होते आणि डोकं भराभरा चालत होतं, चोराचं डोकं चालावं तसं. डाग जायला पंधरा दिवस लागतात. निळा, मग हिरवा, मग पिवळा, मग काही नाही. हवालदारला फोन करून सांगायचं, आईला जरा ताप आहे, पंधरा दिवसांनी येतो. सोपं होतं. पण पंधरा दिवस म्हणजे पंधरा संध्याकाळी, आणि त्या पंधरा संध्याकाळी या घरात आई कुणाबरोबर राहणार? चार दिवस सांभाळू न शकलेली ती बाई मी ओळखत होते. मला तिची भीती वाटली. आरशात बघावं आणि मागे कुणी उभं दिसावं, अशी. मी दार उघडून जिन्यात जाऊन उभी राहिले, थोडा वेळ, वेणी अर्धी सोडून.

मग मी पहिल्या होमला फोन लावला. मॅनेजर त्याच आवाजात म्हणाला, अवश्य, आजच आणा. मी विचारलं, आल्यावर काही तपासणी वगैरे? तो हसला. तपासणी कसली मॅडम, आम्ही काही विचारत नाही.  मी आईची बॅग भरली, सहा गाऊन, कंगवा, तिच्या डोळ्यांचे थेंब. लांब बाह्यांचा स्वेटर घातला. काकूंनी आईच्या गालावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, तू फार केलंस गं. मी टॅक्सीत बसले, आईला आत घेतलं, पट्टा लावला. ड्रायव्हरने विचारलं, कुठे जायचं?

तेवढ्या वेळात माणूस किती विचार करू शकतो, कोण जाणे. मला मासे दिसले, लिंबाच्या रंगाचे पडदे दिसले, वर बांधलेली दोरी दिसली. तिथे मला कुणी काही विचारणार नव्हतं. ज्या घरात मला कुणी विचारत नाही, त्या घरात तीन आठवड्यांपूर्वी आलेल्या त्या मुलीलाही कुणी विचारणार नाही, आजच आलेलीलाही नाही, तिचीही संध्याकाळ कलेल तेव्हा. मी सुटेन, आणि आई माझ्यासारख्या आणखी चौघींच्या हातात जाईल. आई खिडकीतून बाहेर बघत होती, तिला गाडीत बसायला नेहमीच आवडतं. ड्रायव्हरने पुन्हा विचारलं. मी जुन्या शाळेचा पत्ता सांगितला, आणि सांगितल्याबरोबर माझ्या तोंडचं पाणी पळालं. वाटेत तीन सिग्नल लागले. प्रत्येक सिग्नलला मला वाटत होतं, अजून सांगता येईल, गाडी वळवा म्हणून.

न्हाणीघर मोठं होतं, भिंतीला लोखंडी दांडे, मध्ये एक पांढरी खुर्ची, गरम पाण्याची वाफ. हवालदारने आईला आधी पाण्यात हात घालायला लावला, बरं आहे का आजी, की आणखी गरम हवं, आणि आई चक्क म्हणाली, थोडं आणखी. मी दाराजवळच्या स्टुलावर, समोर. दुसरी एक मुलगी कागद आणि पेन्सिल घेऊन उभी. स्वेटर निघाला. गाऊन निघाला. मी आईला रोज उघडी बघते, पण दुसऱ्यांच्या उजेडात मी तिला पहिल्यांदा पाहत होते, आणि ती केवढीशी होती. हवालदारचे हात सावकाश फिरत होते, मानेपासून खाली. जिथे हात जाणार ते ती आधी सांगत होती, आता पाठ, आता खांदा. हे हात मी शर्टांवर ओळखले असते. या हातांतून काही सुटत नाही. दंडाशी ते थांबले. ती मुलीला म्हणाली, उजवा दंड, बाहेरून चार, आतून एक. पेन्सिल कागदावर पाच वेळा वाजली. पाठीवर कमरेजवळ आणखी एक, पलंगाची कड, ती मला माहीतच नव्हती.

मला वाटलं होतं ती मला विचारेल. मी उत्तरं जुळवूनही ठेवली होती, दोन-तीन. तिने आईच्या समोर उकिडवं बसून, तिच्या गुडघ्यांवर टॉवेल टाकला आणि आईलाच विचारलं.

"आजी, हे कुणी केलं?"

आईने दंडाकडे वाकून पाहिलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं. मग दाराकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"एक बाई येते," ती म्हणाली. "संध्याकाळी. माझी मुलगी कामावर असते ना, तेव्हा."

हवालदारने गुडघ्यांवरचा टॉवेल नीट सारखा केला.

"फार वाईट आहे ती. पण हिला सांगू नका." आईने माझ्याकडे हळूच बोट केलं. "हिला कळलं तर ही नोकरी सोडून घरी बसेल. खूप करते हो माझं."

मी स्टुलाची कड धरली होती. हवालदारने मान वळवून विचारलं, घरी सांभाळायला कुणी बाई येत होती का? आणि माझ्या पुढ्यात सगळं मांडून ठेवलेलं होतं. होती एक, दोन महिन्यांपूर्वी काढून टाकली. यातला शब्द न् शब्द खरा. कालचा निळा डाग दोन महिन्यांपूर्वीच्या बाईचा कसा, हे कदाचित तिने ओळखलंही असतं. पण ती कागदावर लिहिणार होती, मी जे सांगेन ते. मावशींचं नाव त्या बिनचेहऱ्याच्या आकृतीसमोर कायमचं लिहिलं जाणार होतं. मी इतकी घाबरले होते, की मला माझाच आवाज लांबून आला.

"ती मीच," मी म्हटलं. "संध्याकाळी मीच असते घरी. मावशींनी काही केलेलं नाही."

"काहीतरीच," आई चिडून म्हणाली. "तू कशी असशील? तू असतीस तर तिची बिशाद होती का?"

हवालदारने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत दया नव्हती. असती तर मी पळून गेले असते. कधी, तिने विचारलं. मी म्हटलं, काल. याआधी? मी म्हटलं, हो. किती वेळा? मी सांगितलं, आणि मुलीने तो आकडा लिहून घेतला. मग हवालदार म्हणाली, पुढे मी सांगेपर्यंत तुम्ही भेटायला याल तेव्हा आमच्यातली एक खोलीत असेल. दार बंद करायचं नाही. संध्याकाळी यायचं नाही. डॉक्टरांना हा कागद आज दाखवणार, आणि तुमच्या भावालाही हे कळायला हवं. तुम्ही सांगता की मी सांगू? मी म्हटलं, मी सांगते. दादाला, आणि त्याआधी मावशींना. मावशी कुठे राहतात हे मी तीन वर्षांत कधी विचारलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. मुलीने कागद पुढे केला. पाच फुल्या एका जागी, एक मागे, आणि पुढे 'मुलगी' असं लिहिलेलं. मी सही केली. सही माझी वाटत नव्हती, पण चालली.

आईला पुसून कोरडा गाऊन घातला, निळा, तिने बोट दाखवून निवडलेला. ती खुर्चीत बसली, केस ओले, गाल लाल झालेले. हवालदार उठायला लागली तशी आईने तिचं मनगट पकडलं.

"ती इथे येईल का हो?"

हवालदारने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग ती पुन्हा आईसमोर खाली बसली.

"आत यायचं तर माझ्यासमोरूनच यावं लागतं, आजी. मी तिला तुमच्याजवळ एकटीला येऊ देणार नाही."

आईने हे ऐकलं, मनाशी घोळवलं, आणि तिचे खांदे खाली आले. मग तिने माझा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला, दोन्ही हातांत धरला आणि थोपटत माझ्याकडे झुकली.

"ऐकलंस ना?" ती म्हणाली. "आता तूही भिऊ नकोस तिला."